सोन्यातले लोखंड

मे महिन्यातली दुपार. शिरपूरचे रस्ते ओस पडलेले, पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास, अरुणावतीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रकवालेसुद्धा झाडाची सावली बघून थांबलेले. अशा वेळी गावात एकच जागा गजबजलेली असते, ती म्हणजे सराफाची पेढी. लग्नसराई उन्हाला भीत नाही. गादीवर बसलेले शेठ एखाद्या आजीबाईंनी पुढे केलेली जुनी पाटली काळ्या कसोटीवर घासतात, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडतात आणि रेघ कितपत टिकते ते पाहून सोन्याचा कस सांगतात. खानदेशी माणसाला सोन्याची पारख शिकवावी लागत नाही. जळगावचे नाव सोन्यासाठी दूरदूरपर्यंत घेतले जाते, आणि या शतकाच्या आरंभी सोने शुद्ध करण्याचा मोठा कारखाना उभा राहिला तोही आमच्या शिरपुरातच.

पेढीच्या मागच्या खोलीत सोनार काम करीत असतो. त्याची एक सवय लहानपणी मला फार नवलाची वाटे. दिवसभर कानस आणि करवत चालवून पाटावर जो सोन्याचा कीस साचतो, तो गोळा केल्यावर त्यावरून तो लोहचुंबक फिरवतो. कानशीचे बारीक लोखंडी कण चुंबकाला चिकटून वर येतात. ते कण मुशीत गेले तर माल बिघडतो. त्यानंतरही जमिनीच्या फटींत जे काही उरते त्यासाठी झारेकरी येतो आणि दुकानातला केर धुऊन त्यातून सोने काढतो. सोन्यातून लोखंड वेगळे, केरातून सोने वेगळे! शुद्धतेची ही सारी उठाठेव पोटासाठी चाललेली असते.

पण चुंबकालाही जे लोखंड सापडत नाही, सोन्याच्या दहा लाख अणूंमागे पाचदहाच अणू इतके जे विरघळून गेलेले असते, त्याचे काय? सराफाच्या लेखी ते नसल्यासारखेच. पदार्थविज्ञानाच्या लेखी मात्र त्या लोखंडाने पाऊणशे वर्षे मोठमोठ्या लोकांची झोप उडवली. या गोष्टीची सुरुवात एका डच प्राध्यापकापासून होते. त्याने सोन्याला एक प्रश्न विचारला. सोन्याने सरळ उत्तर दिले नाही, म्हणून तो पाऱ्याकडे वळला आणि अजरामर झाला. हाइके कामर्लिंग-ऑनेस हे त्यांचे नाव. आपण उन्हाळ्यात पारा किती चढला ते विचारतो. या गृहस्थांनी आयुष्यभर तो किती खाली उतरवता येईल एवढेच पाहिले.

ऑनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ रोजी हॉलंडच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन या गावी झाला. वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना होता. घर खाऊनपिऊन सुखी, पण वळण कडक. दिवस कामात गेला पाहिजे आणि काम नीटनेटके झाले पाहिजे, हा घरचा दंडक. याच घरातून दोन टोकांची माणसे निघाली. धाकटा भाऊ मेन्सो नावाजलेला चित्रकार झाला, बहीण जेनी एका चित्रकाराच्या घरी पडली, आणि हाइके मात्र यंत्रे, नळ्या आणि आकडे यांत रमला. प्रकृती लहानपणापासून नाजूक, छातीचा विकार जन्मभर पाठीशी. थंडीने ज्याला खोकला यायचा त्याच माणसाने जगातली सर्वांत थंड जागा तयार करावी, हा नियतीचा विनोदच म्हणायचा.

अठराव्या वर्षी ते जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खोफ यांच्या हाताखाली शिकायला गेले. ज्योतीच्या प्रकाशातील रंगीत रेघांवरून मूलद्रव्य ओळखण्याची विद्या या दोघांनीच उभी केली होती. पुढे ज्या वायूमुळे ऑनेस यांचे नाव झाले तो हेलियमही याच विद्येने सापडला, आणि तोही प्रथम पृथ्वीवर नव्हे, सूर्यावर! १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानातून दिसणार होते. आंध्रातील गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन आले होते, आपल्या पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली. ही रेघ ओळखीच्या कोणत्याच द्रव्याची नाही हे त्याच वर्षी इंग्लंडमधून लॉकियर यांनी ताडले. आपल्याकडे विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियरसाहेबांनी तिथूनच १८६८ मध्ये हेलियम शोधला असे सांगतात. साहेब विजयदुर्गला आले होते हे खरे, पण ते १८९८ च्या जानेवारीतल्या ग्रहणाला. ऐकीव गोष्ट गोड असली तरी तीस वर्षांचा फरक काही पुसता येत नाही. प्रत्यक्ष पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्झी यांना, एका खनिजात कोंडलेला.

ऑनेस यांनी १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती पृथ्वी फिरते याचे नवे पुरावे देऊन, लंबकाच्या प्रयोगांवर. तिथून थंडीकडे ते वळले ते व्हान डर वाल्स यांच्यामुळे. हे एका सुताराचे चिरंजीव, अनेक वर्षे शाळामास्तर. वायू किती दाबला, किती थंड केला म्हणजे त्याचा द्रव होईल, याचे गणित त्यांनी मांडले होते. गणित सुंदर होते. पण ते खरे की खोटे हे ठरवायला नेमकी मोजमापे हवी होती. १८८२ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, लायडेन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू होताना केलेल्या भाषणात ऑनेस यांनी हाच मुद्दा मांडला. मोजत मोजतच ज्ञानाकडे जायचे, हे सूत्र प्रयोगशाळेच्या दारावर कोरून ठेवावे असे त्यांना वाटे.

त्या काळी प्राध्यापकाची प्रयोगशाळा म्हणजे चारदोन बाके, थोडी काचसामग्री आणि एखादा मदतनीस. ऑनेस यांनी तिचा कारखाना केला. कौलांच्या कारखान्यात वाढलेला मुलगाच तो! पंप, दाबयंत्रे, डायनॅमो, काच फुंकणारे कारागीर. १९०१ मध्ये त्यांनी उपकरणे बनवायची एक शाळाच काढली. निळे अंगरखे घातलेली कारागीर पोरे तिथे शिकत आणि प्रयोगशाळेत राबत. खेरीट फ्लिम हा यंत्रांचा मुख्य कारागीर आणि केसेलरिंग हा काचेचा उस्ताद, ही त्यांची उजवी-डावी बाजू. वायू थंड करण्याची युक्ती तशी साधी. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढला की सुटणारी हवा बोटाला गार लागते, तीच. एक वायू द्रव करायचा, त्याच्या गारव्याने दुसरा, दुसऱ्याच्या गारव्याने तिसरा. पायरीपायरीने आडात उतरावे तसे.

पण उतरण्याआधीच सरकारी हुकूम आडवा आला. लायडेनमध्ये १८०७ साली दारूगोळ्याने भरलेले जहाज कालव्यात फुटून दीडशेच्या आसपास माणसे मेली होती आणि गावाचा एक भाग बेचिराख झाला होता. प्रयोगशाळा उभी होती ती नेमकी त्याच उद्ध्वस्त जागेवर. दाबलेल्या वायूंची नळकांडी तिथे भरून ठेवली आहेत हे कळल्यावर १८९५ मध्ये गावकऱ्यांनी ओरड केली. चौकशा, समित्या, अर्ज, फेरअर्ज यांत जवळजवळ तीन वर्षे थंडीचे काम बंद. मे १८९८ मध्ये लंडनच्या ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रव करून दाखवला आणि शर्यतीतला तो टप्पा जिंकला. लायडेनला परवानगी मिळाली ती त्याच वर्षी. दुसरा कोणी असता तर हळहळत बसला असता. ऑनेस यांनी लहान यंत्र करण्याऐवजी मोठे करायचे ठरवले आणि १९०६ मध्ये भरपूर द्रव हायड्रोजन देणारे यंत्र चालू केले. आता उरला फक्त हेलियम.

हेलियम आणायचा कुठून? दुसरा भाऊ ओन्नो ॲमस्टरडॅमला व्यापारी माहितीच्या सरकारी कचेरीत अधिकारी होता. त्याने अमेरिकेहून मोनाझाइट वाळूची पोती मिळवून दिली. वाळू तापवायची, निघालेला वायू शुद्ध करायचा, पुन्हा शुद्ध करायचा. साडेतीनशे लिटरच्या आसपास वायू जमायला अनेक महिने गेले. केरळच्या किनाऱ्यावरही अशीच वाळू पडलेली आहे, पण तिचा शोध तेव्हा लागायचा होता.

१० जुलै १९०८. पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार. जेवायलाही उसंत नव्हती. पत्नीने येऊन उभ्या उभ्याच घास भरवले असे सांगतात. संध्याकाळी हेलियम फिरू लागला. तापमापकाचा काटा खाली खाली गेला आणि एका जागी थांबला तो हलेचना. भांड्यात मात्र काही दिसेना. सगळे निराश होण्याच्या बेतात असताना पाहायला आलेल्या एका रसायनाच्या प्राध्यापकांनी भांड्याला खालून उजेड दाखवून बघायला सुचवले. तसे करताच द्रवाचा पृष्ठभाग सुरीच्या धारेसारखा लख्ख दिसला. भांडे जवळजवळ भरलेच होते, पण द्रव इतका पारदर्शक की नजरेतून निसटला होता. साठ घनसेंटिमीटर, म्हणजे चहाचा अर्धा कप! तापमान शून्याखाली २६९ अंश. याहून अवघे चार अंश खाली गेले की निरपेक्ष शून्य. त्याच्या खाली थंडी अशी उरतच नाही. पुढची पंधरा वर्षे जगात दुसऱ्या कोणापाशी द्रव हेलियम नव्हता.

इतक्या थंडीत काय पाहायचे? ऑनेस यांनी विजेचा प्रश्न घेतला. धातूच्या तारेतून वीज जाते म्हणजे इलेक्ट्रॉन धावतात. तार गरम असली की अणू थरथरतात आणि इलेक्ट्रॉनांना धक्के बसतात. यालाच विद्युतरोध म्हणायचे. तार थंड करत गेले की रोध कमी होतो, हे ठाऊक होते. पण अगदी तळाशी काय? लॉर्ड केल्व्हिन यांना वाटे की इलेक्ट्रॉनही गोठतील आणि वीज पूर्ण थांबेल. काहींना वाटे रोध शून्य होईल. ऑनेस यांनी प्रथम प्लॅटिनम घेतले, मग सोने. रोध उतरत उतरत गेला आणि एका पातळीला येऊन थांबला. वाढला नाही, संपलाही नाही. आलेखावरची रेघ आडवी पडून राहिली. अधिक शुद्ध सोन्याची तार घेतली, तर रेघ आणखी खाली आडवी पडली.

ऑनेस यांनी यातून जो अर्थ काढला तो कोणाही सराफाला पटला असता. उरलेला रोध सोन्याचा नव्हे, सोन्यातल्या भेसळीचा. भेसळ जितकी कमी तितका रोध कमी; भेसळ मुळीच नसेल तर रोधही नसेल. पण सोने किती शुद्ध करणार? बाजारातले ९९९ चे सोने घेतले तरी हजारात एक भाग परका. ९९९.९ चे घेतले तरी दहा हजारांत एक. म्हणून त्यांनी असा धातू शोधला जो पुन्हा पुन्हा वाफ करून, थंड करून, हवा तितका शुद्ध करता येईल. तो म्हणजे पारा. केसेलरिंगने काचेच्या केसासारख्या बारीक नळ्या केल्या, त्यांत पारा भरला आणि गोठवला.

८ एप्रिल १९११ रोजी फ्लिम हेलियमचे भांडे सांभाळत होता आणि खिलेस होल्स्ट हा तरुण सहकारी दूरच्या एका अंधाऱ्या खोलीत बसून आरशाच्या गॅल्व्हनोमीटरवरचे आकडे सांगत होता. शून्याखाली २६९ अंशांच्या जवळ पाऱ्याचा रोध जवळजवळ नाहीसा झाला. ऑनेस यांनी पेन्सिलीने वहीत तशी नोंद केली. अक्षर इतके किरटे की ती वही नीट लावायला पुढच्या अभ्यासकांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. पुन्हा मोजले तेव्हा कळले की रोध हळूहळू उतरत नाही, एका ठराविक अंशावर कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो. यालाच आज अतिसंवाहकता म्हणतात.

होल्स्ट यांचे नाव त्या निबंधांवर नाही. सगळे निबंध एकट्या ऑनेस यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. त्या काळची रीत तशी होती, आणि आभार त्यांनी मानले होते, हे खरे. तरीही हे मनाला लागते. होल्स्ट पुढे आइंडहोफेनला फिलिप्स कंपनीच्या संशोधनशाळेचे प्रमुख झाले आणि आपल्या कर्तृत्वावर मोठे झाले, एवढेच समाधान.

आता खरी गंमत. पारा निवडण्यामागचे ऑनेस यांचे कारणच चुकीचे निघाले, आणि ते त्यांनी स्वतःच दाखवून दिले. शुद्ध पाऱ्यात त्यांनी मुद्दाम सोने मिसळले, कॅडमियम मिसळले. पारा तरीही अतिसंवाहक राहिला. १९१२ च्या अखेरीस साधे कथील आणि शिसे घेतले. तेही अतिसंवाहक झाले. एवढा खटाटोप करून शुद्ध केलेल्या पाऱ्याची काही गरजच नव्हती, कल्हईवाल्याकडच्या कथलाने भागले असते! उलट ज्या सोन्यापासून त्यांनी सुरुवात केली ते कितीही शुद्ध केले, कितीही थंड केले तरी अतिसंवाहक होत नाही. शुद्धता किती, हा प्रश्न त्यांनी तीस वर्षे जपला होता. भेसळ कसली, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनात आला नाही. येण्याची सोयही नव्हती. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः एक इवलासा चुंबक असतो, त्याला ‘स्पिन’ असतो, ही कल्पना त्यांच्या मृत्यूच्या अगोदर जेमतेम काही महिने मांडली गेली. ती मांडली कोठे? लायडेनमध्येच, ऊलेनबेक आणि खाउडस्मिट या दोन तरुणांनी, १९२५ मध्ये.

१९१३ मध्ये ऑनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अतिसंवाहक तारेचे वेटोळे करून प्रचंड ताकदीचे विद्युतचुंबक बनवण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले. पण थोडेसे चुंबकत्व वाढताच अतिसंवाहकता पळून जाते हे १९१४ च्या आरंभी त्यांच्याच प्रयोगात दिसले आणि ते स्वप्न बाजूला ठेवावे लागले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. युद्धाच्या काळात आणि नंतर उपासमार झालेल्या देशांतल्या मुलांना अन्न आणि आसरा मिळावा म्हणून त्यांनी खूप खटपट केली. ऱ्हाईनकाठच्या त्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता असे. प्रयोगशाळेत ते हुकूमशहा होते, सौम्य बोलणारे आणि हवे ते करून घेणारे. आपल्याकडच्या जुन्या हेडमास्तरांची आठवण व्हावी असा माणूस.

१९२३ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि प्रयोगशाळा केसोम व द हास या दोघांकडे सोपवली. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रा लायडेनहून जवळच्या फोरस्खोटेनला पायी जायची होती. गाडीला उशीर झाला, म्हणून गाडीवानाने घोडे पिटाळले. मागे काळे कोट आणि उंच टोप्या घातलेले फ्लिम, केसेलरिंग आणि बाकीचे कारागीर धापा टाकत चाललेले. मेल्यावरही म्हातारा आपल्याला पळवतोच आहे, अशा अर्थाचे काहीतरी त्यांतला एक घाम पुसत बोलला, अशी आठवण कॅसिमिर या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवली आहे. त्यात राग नव्हता.

सोने मात्र प्रयोगशाळेत राहिले. द हास यांनी द बूर आणि व्हान डेन बेर्ख या सहकाऱ्यांसह पुन्हा सोन्याची तार घेतली, अधिक बारकाईने मोजली, आणि १९३४ मध्ये जे प्रसिद्ध केले ते कोणाच्याच गणितात बसेना. तार थंड करत गेले तसा रोध उतरला, तळाला पोचला, आणि आणखी थंड करताच वर चढू लागला! ऑनेस यांच्या मोजणीच्या मर्यादेत जी रेघ आडवी दिसली होती ती वाकलेली निघाली. थंडी वाढली की अणूंची थरथर कमी होते, भेसळ तर तेवढीच राहते. मग इलेक्ट्रॉनांना जास्त धक्के मारतो कोण?

तीस वर्षे उत्तर सापडले नाही. हळूहळू एवढे ध्यानात आले की चांदी, तांबे यांसारखी भेसळ असेल तर रोध वर चढत नाही. लोखंड, मँगेनीज यांसारखी, स्वतःचे चुंबकत्व असलेली भेसळ असेल तरच तो चढतो. १९६४ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मिरियम साराचिक आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या मिश्रधातूंत लोखंड घालून हे पक्के केले, आणि त्याच वर्षी जपानमध्ये जुन कोन्डो यांनी त्याचा हिशेब मांडला.

हिशेब अवघड आहे, पण गोष्ट चौकातली आहे. रस्त्यात दगड असला की प्रत्येक जण त्याला ठेचकाळतो आणि पुढे जातो. दगडाला कालच्या माणसाची आठवण नसते आणि सकाळ-संध्याकाळ त्याचा त्रास सारखाच. सोन्यातला तांब्याचा अणू म्हणजे असा दगड. लोखंडाचा अणू मात्र चौकात उभा असलेला ओळखीचा माणूस आहे. त्याच्यापाशी स्वतःचा चुंबक आहे. येणाऱ्या इलेक्ट्रॉनाशी तो देवाणघेवाण करतो. इलेक्ट्रॉन वर टोक करून आला तर खाली टोक करून जातो आणि त्या बदल्यात लोखंडाचा चुंबक उलटतो. पुढच्या इलेक्ट्रॉनाला हा बदललेला माणूस भेटतो. म्हणजे एकाचा निरोप दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला असे सगळे एकमेकांत गुंतत जातात. भर बाजाराच्या गर्दीत कोणी कोणाशी फार बोलत नाही, मान हलवून पुढे जातो. तशी गरम धातूत थरथरीच्या गोंधळात ही देवाणघेवाण पुसली जाते. रात्र पडली, रस्ता शांत झाला की तोच माणूस प्रत्येकाला थांबवून ठेवतो. थंडी वाढली की रोध वाढतो तो यामुळे.

कोन्डो यांच्या गणिताने चढती रेघ बरोबर काढली, पण ती थांबेना. निरपेक्ष शून्यापाशी रोध अनंत व्हावा असे ते सांगे. ते शक्य नव्हते. अगदी तळाशी काय होते ते अँडरसन आणि इतरांच्या प्रयत्नांनंतर केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये एका नव्याच रीतीने उलगडले. तिथे सोन्यातले इलेक्ट्रॉन लोखंडाच्या अणूभोवती जणू कडे करतात, आपले स्पिन त्याच्या उलट बाजूला लावतात आणि त्याचा चुंबक झाकून टाकतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो चुंबक उरलेलाच नसतो. ओळखीचा माणूस पुन्हा साधा दगड होतो आणि रोधाची चढती रेघ तिथे थांबते. सोन्यातल्या लोखंडाच्या बाबतीत हे घडते ते निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्याही आत. ऑनेस सोन्याच्या तारा मोजताना दीड अंशापर्यंत उतरले होते. म्हणजे ते दारापर्यंत गेले होते.

अतिसंवाहकतेचे कोडेही याच बाजूने सुटते. तिच्यात उलट स्पिनचे इलेक्ट्रॉन जोडीने चालतात. साधी भेसळ ही जोडी मोडत नाही, म्हणून सोने घातलेला पाराही अतिसंवाहक राहिला. चुंबकी अणू एकाला एका बाजूला वळवतो, दुसऱ्याला दुसऱ्या, आणि जोडी तुटते. ऑनेस यांनी पाऱ्यात जे सोने आणि कॅडमियम मिसळले त्यांना स्वतःचे चुंबकत्व नसते. तेव्हा त्यांचा निष्कर्ष त्या भेसळीपुरता अगदी बरोबर होता.

एवढ्यावरही सोने गप्प बसले नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत सोन्याच्या अतिबारीक तारांत असे दिसले की कितीही थंड केले तरी इलेक्ट्रॉनांची लय एका मर्यादेपलीकडे टिकत नाही. क्वांटम सिद्धांतातच काही उणे आहे का, इथपर्यंत वाद गेला. पुढच्या काही वर्षांतल्या प्रयोगांनी बऱ्याच तारांच्या बाबतीत बोट दाखवले ते पुन्हा त्याच चोराकडे, दहा लाखांत एखाददुसऱ्या चुंबकी अणूकडे. एक तोळा, म्हणजे हल्लीच्या हिशेबाने दहा ग्रॅम सोने घ्या. त्यात वजनाने दहा लाखांत दहा भाग लोखंड असेल तर ते भरते एक दशांश मिलिग्रॅम. गुंजेचे हजार तुकडे केले तर त्यातल्या एकाहूनही ते हलके. सोन्यातल्या लोखंडाचे नेमके गणित, त्या अणूचा स्पिन केवढा आणि तो इलेक्ट्रॉनांच्या किती गटांशी देवाणघेवाण करतो, हे मोजमापाशी नीट जुळले ते २००९ मध्ये, लायडेनच्या त्या वाकलेल्या रेघेनंतर पंचाहत्तर वर्षांनी.

आपल्याकडे द्रव हेलियम आला तो १९५० च्या दशकात, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यानंतर थंडी आणि चुंबकत्व या दोन्हींवर पिढ्यान्‌पिढ्या काम झाले. लोखंडाचा एकटादुकटा अणू सोडून, ज्यांत चुंबकी अणू रांगेने बसलेले असतात असे पदार्थ तिथल्या मंडळींनी बनवले आणि मोजले. १९९४ मध्ये त्याच संस्थेत निकेल, बोरॉन आणि कार्बन असलेल्या अतिसंवाहकांचे एक नवे घराणे सापडले. निकेल म्हटले की चुंबक आठवतो, आणि तरीही तो पदार्थ अतिसंवाहक! जगभर त्याची चर्चा झाली.

लायडेनमधली ती जुनी प्रयोगशाळा ऑनेस यांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र तिथे आता ना पंपांचा आवाज, ना निळे अंगरखे. तिथे विद्यापीठाची मुले कायदा शिकतात. फ्लिमने बनवलेले हेलियमचे यंत्र गावातल्याच बूरहाव्ह संग्रहालयात ठेवलेले आहे, केसेलरिंगच्या काचकामासह.